कृष्णेच्या तळाचे मासे कसे मोजायचे: समुद्रातल्या ट्रॉल सर्वेक्षणाची शिस्त आपल्या डोहांसाठी

वाईपासून हरिपूरपर्यंत नदीवर जाळं टाकणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. वाम कमी झाली, शिंगाळा आता लहानच लागतो, कानस वर्ष-वर्ष दिसत नाही, असं तो सांगेल. तो बहुधा खरंच सांगतोय. पण बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) कधी काढायचे, कुठलं सांडपाणी नदीत येऊ द्यायचं नाही, जलाशयाचा ठेका कोणत्या अटींवर द्यायचा, हे जिथे ठरतं तिथे ‘कमी झालेत’ एवढ्या बोलण्याला कुणी जागा देत नाही. किती कमी, कधीपासून आणि नदीच्या कोणत्या पट्ट्यात, हे तिथे मांडावं लागतं.

ते मांडता यावं म्हणून हा लेख. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि शिक्षक, मच्छीमार सहकारी संस्था, नदीसाठी काम करणारी मंडळं, यांना हे काम कमी खर्चात करता येतं. मात्र त्यासाठी काही वर्षं एकाच पद्धतीला चिकटून राहावं लागतं, आणि सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

आधी समुद्रावर काय करतात ते पाहू

तळाला राहणाऱ्या माशांची मोजदाद जगभर मुख्यतः ट्रॉल जाळ्याने होते. हे पिशवीसारखं जाळं असतं. त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या, वरच्या दोरीला बोये आणि खालच्या दोरीला वजन लावलेलं असतं. जहाज ते तळावरून ठरलेल्या वेगाने, ठरलेला वेळ ओढतं. आपल्या देशात हे काम भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण करतं. मुंबईत मुख्यालय असलेली ही संस्था १९४६ साली खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र म्हणून सुरू झाली.

धंद्याचा ट्रॉलर मासे जिथे आहेत तिथे जातो. सर्वेक्षणाचं जहाज चिठ्ठी निघेल तिथे जातं. समुद्राचे खोलीप्रमाणे पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्यातली ठिकाणं यादृच्छिक पद्धतीने निवडतात आणि मासे मिळोत न मिळोत, तिथेच जाळं टाकतात. जाळं बदलत नाहीत, आस (जाळ्याच्या घराचं माप) बदलत नाहीत, ओढायचा वेळही बदलत नाहीत. बाजारात त्याहून चांगलं जाळं आलं तरी जुनंच वापरतात. बदल टाळताच आला नाही तर काही काळ जुनं आणि नवं शेजारी-शेजारी ओढून दोन्हींच्या पकडीतला फरक काढतात आणि मगच जुनं सोडतात.

त्यातलं गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे. हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. जहाजाचा वेग ३ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १,८५२ मीटर) आणि ओढायचा वेळ १ तास धरला, तर जाळं सुमारे ५,५५६ मीटर ओढलं गेलं. वरच्या दोरीची लांबी २४ मीटर आहे. पाण्यात तोंड त्याच्या साधारण निम्मंच उघडतं असं धरायची रीत आहे, म्हणजे १२ मीटर. झाडलेलं क्षेत्र झालं सुमारे ०.०६७ चौरस किलोमीटर. त्यात ४० किलो मासे आले, तर चौरस किलोमीटरला साधारण ६०० किलो. आता यात एक मेख आहे. वाटेत आलेले सगळेच मासे जाळ्यात शिरत नाहीत. निम्मेच शिरले असं धरलं तर तोच आकडा १,२०० होतो. म्हणजे एक गृहीतक बदललं की समुद्रातला साठा दुप्पट!

म्हणून ‘एकूण मासे किती’ या आकड्यावर जाणकार फार विसंबत नाहीत. गेल्या वर्षी याच जाळ्याने, याच महिन्यात, एका ओढीला किती मिळाले आणि यंदा किती, या तुलनेवर ते विसंबतात. चुकीचं गृहीतक दोन्ही वर्षांना सारखंच लागू होत असल्याने तुलनेत ते गळून पडतं. नदीकाठी आपल्याला जे आणायचं आहे ते हेच.

कृष्णेत ट्रॉल का नाही

ट्रॉलला सपाट आणि मोकळा तळ लागतो. कृष्णेच्या डोहांत कातळ आहे, झाडांचे बुंधे आहेत, जुन्या बंधाऱ्यांचे दगड आहेत. कोयनेच्या शिवसागरात पाण्याखाली गेलेल्या वस्त्यांचे अवशेष आहेत. तिथे ओढलेलं जाळं पहिल्याच खेपेला फाटेल आणि तळाची घरटीही उद्ध्वस्त करेल. आपल्याकडे त्याची जागा तळाला उभं ठेवलेलं टंगूस (बारीक नायलॉनचं, मासा अडकवणारं जाळं), दावण (एका दोरीला बांधलेले अनेक गळ), पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) आणि सापळा घेतात. साधन बदललं तरी शिस्त तीच.

परवानगी आणि मगरी

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. जलाशयावर ठेका असेल तर ठेकेदार संस्थेची संमती घ्या. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय पाण्यात दोरीसुद्धा टाकू नये.

सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबरपासून सांगली-हरिपूरपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. या पट्ट्यात कुणीही जाळं सोडवायला पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. सगळं काम होडीतून, दिवसाउजेडी, कमीत कमी तीन माणसांनी करायचं आणि प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालायचं. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत बसून जाळी टाकणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांचं कौशल्य मोठं आहे, पण विद्यार्थ्यांना काहिलीत बसवू नका.

मगरीच्या पट्ट्यात रात्रभर जाळं ठेवू नये, याचं दुसरं कारण मगर आणि कासव हेच आहे. दोघांनाही श्वासासाठी वर यावं लागतं. तळाच्या टंगुसात अडकलेलं कासव सकाळपर्यंत जिवंत राहत नाही. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती तुमच्या जाळ्यात मेली तर सर्वेक्षण तिथेच संपेल. म्हणून इथे दोन-दोन तासांचे टप्पे ठेवा आणि तेवढा वेळ होडी जाळ्याजवळच राहू द्या. वरच्या अंगाला, जिथे मगर नाही अशी वन विभागाकडून खात्री झाली आहे, तिथे रात्रीचं जाळं चालेल. पण दोन तासांची पकड आणि रात्रभराची पकड एका तक्त्यात कधीही एकत्र करू नका.

करंट लावून, ब्लीचिंग पावडर टाकून किंवा स्फोट करून मासे मारणारे लोक नदीवर भेटतील. त्यांची पकड नोंदीत घ्यायची नाही. तसा प्रकार दिसला की तारीख, ठिकाण आणि मेलेल्या माशांच्या जाती वेगळ्या वहीत लिहा. पुढे एखाद्या वर्षीची घट समजून घेताना ती वही उपयोगी पडते.

ठिकाणं: चिठ्ठी काढून

तुमचा पट्टा आवाक्यातला ठेवा. सगळी कृष्णा मोजायला जाऊ नका. माहुलीचा संगम ते कराडचा प्रीतिसंगम, किंवा बहे ते औदुंबर, किंवा ब्रह्मनाळजवळच्या येरळेच्या संगमापासून हरिपूरला वारणा मिळते तिथपर्यंत, एवढं एका गटाला पुष्कळ झालं.

मग पट्ट्यातला तळ ओळखा. त्यासाठी दोरीला शिशाचा गोळा बांधा, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा आणि गोळ्याच्या खालच्या बाजूला मऊ साबण थापा. गोळा तळाला टेकवून वर घेतला की खोली गाठींवरून मोजता येते. साबणाला वाळू चिकटलेली असते, किंवा गाळ, किंवा काहीच नसतं. काहीच नसेल तर खाली कातळ आहे. एका दुपारी होडीतून पंचवीस-तीस ठिकाणी असं केलं की नदीच्या तळाचा कच्चा नकाशा तयार होतो. सर्वेक्षणात नवीन असलेल्या मुलांना मी नेहमी हेच काम आधी देतो, कारण त्यातून नदी डोळ्यांसमोर उभी राहते.

नकाशावर चार गट पाडा: कातळ आणि गोटे, वाळू, गाळ, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यातलं साचलेलं पाणी. प्रत्येक गटातल्या डोहांना क्रमांक द्या, डब्यात चिठ्ठ्या टाका आणि गटामागे निदान तीन डोह काढा. चिठ्ठीत निघालेला डोह ‘तिथं काय घावत नाही’ म्हणून बदलायचा नाही. बदललात की तुमची मोजदाद धंद्याच्या मासेमारीसारखी झाली. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण शीत वरवरचं निवडून घेतलं तर तळाचा करपलेला भात कळत नाही.

निवडलेल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घ्या आणि शिवाय काठावरची खूण लिहा. पुरानंतर काठ बदलतो, मोबाइलही बदलतो.

जाळं बांधून घेणं

एकाच आसाचं जाळं एकाच मापाचे मासे पकडतं. ६० मिलिमीटरच्या आसात बोटभर मासा थांबत नाही, आणि १० मिलिमीटरच्या आसात दोन किलोचा शिंगाळा नीट अडकत नाही. युरोपात तळ्यांच्या सर्वेक्षणासाठी एक प्रमाणित जाळं आहे: ३० मीटर लांब, दीड मीटर उंच आणि ५ ते ५५ मिलिमीटरपर्यंत १२ वेगवेगळ्या आसांचं. आपल्याला त्याची सोपी आवृत्ती जमते. १०, १६, २५, ४० आणि ६० मिलिमीटर अशा पाच आसांचे सहा-सहा मीटरचे तुकडे एकाच दोरीवर बांधून घ्या. लांबी ३० मीटर, उंची दीड मीटर, म्हणजे एका जाळ्याचं क्षेत्र ४५ चौरस मीटर. तुकड्यांचा क्रम लहान-मोठा असा ओळीने लावू नका. चिठ्ठ्या टाकून एकदा क्रम ठरवा आणि सगळ्या जाळ्यांना तोच ठेवा.

आस कसा मोजलाय हे दुकानदाराला नक्की विचारा. एका गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंतचं माप वेगळं आणि घर ताणून घेतलेलं माप वेगळं. दुसरं पहिल्याच्या दुप्पट भरतं. वर दिलेली मापं गाठ ते गाठ आहेत. दोन गटांनी वेगवेगळ्या मापाने जाळी घेतली तर त्यांचे आकडे एकमेकांशी कधीच जुळणार नाहीत, आणि कारण शोधण्यात वर्ष जाईल.

खालच्या दोरीला शिसं जास्त लावा आणि वरच्या दोरीला बोये बेताचेच. जाळं तळाला टेकून उभं राहिलं पाहिजे, तरंगता कामा नये. दोन्ही टोकांना रंगीत डबे बांधा, म्हणजे दुसऱ्याची होडी त्यावरून जाणार नाही आणि जाळं हरवणार नाही. हरवलेलं टंगूस तळाला वर्षानुवर्षं मासे मारत राहतं.

टंगुसाने सगळं कळत नाही. वाम सापासारखी असल्याने निसटते, पण गांडूळ लावलेल्या गळाला येते. तिच्यासाठी दावण टाका: एकाच मापाचे ५० गळ, एकच आमिष, एकच वेळ. मळ्या आणि मुरा हे दगडाला चिकटून राहणारे छोटे मासे कुठल्याच जाळ्यात धड येत नाहीत. वाईच्या वरच्या अंगाला उथळ, वाहत्या पाण्यात एक चौरस मीटरची लोखंडी चौकट ठेवा. खालच्या बाजूला बारीक जाळी धरा, चौकटीतले दगड हलवा आणि जाळीत काय आलं ते मोजा. अशा निदान दहा चौकटी घ्या. वाळूच्या पात्रात पागाच्या दहा फेका, फेकणारा माणूस शक्यतो तोच. पाग उघडण्यात हात-हाताचा फरक पडतो.

वेळ

वर्षातून दोन फेऱ्या पुरेत. एक पावसाळा ओसरून बंधाऱ्यांना बरगे बसल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि दुसरी एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात जाळं टाकायचं नाही. तो बहुतेक माशांच्या विणीचा काळ आहे, आणि कोयना-वारणेतून विसर्ग सुरू झाला की पाणी किती चढेल याचा भरवसा नसतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं.

फेरीचे दिवस पंचांग पाहून ठरवा. चांदण्यात टंगुसाचा धागा माशाला दिसतो आणि पकड घटते, म्हणून अमावास्येच्या मागेपुढे चार-पाच दिवस घ्या. एका वर्षी अमावास्या आणि दुसऱ्या वर्षी पौर्णिमा असं झालं, तर चंद्राचा फरक माशांच्या नावावर खपून जाईल. दिवसाच्या टप्प्यांना चंद्राची अडचण नाही. तिथे मात्र घड्याळातली वेळ सांभाळावी लागते, कारण तळाचे मिशीवाले मासे मुख्यतः तिन्हीसांजेला आणि पहाटे हलतात.

जाळं किती तास ठेवायचं तेही ठरवून टाका. रात्रीचं असेल तर बारा तास, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. सहा तासांची पकड दोनने गुणली की बारा तासांची होते, असं मानू नका. जाळं भरत गेलं की नवे मासे त्याला टाळायला लागतात आणि वाढ मंदावते. गुणाकाराने हे दुरुस्त होत नाही, म्हणून तासच सारखे ठेवा.

पाण्याची पातळी, जिथे सगळ्यात जास्त फसगत होते

धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना, चांदोली, कुठल्याही जलाशयावर मे महिन्यात पाणी आकसतं. मासे तेवढेच असतात, पाणी निम्मं होतं, आणि जाळ्याला दुप्पट मासे लागतात. डिसेंबरचा आकडा पाहून मग मेचा पाहणाऱ्याला वाटतं, मासे वाढले. म्हणून डिसेंबरची तुलना डिसेंबरशी आणि मेची मेशीच करायची. त्यातही त्या वर्षीचा साठा किती होता ते शेजारी लिहायचं. धरणांचा रोजचा साठा जलसंपदा विभाग जाहीर करतो. तो आकडा तक्त्यात नसेल तर जलाशयाची नोंद अर्धवट समजा.

नदीवर हेच काम बरगे करतात. बरगे घातल्यावर वरच्या अंगाला पाणी थांबतं, वाळूवर गाळ बसतो आणि वाहत्या पाण्याचे मासे पुढे सरकतात. बरगे घातले आणि काढले त्या तारखा शाखा अभियंत्याकडून किंवा बंधाऱ्यावरच्या माणसाकडून दरवर्षी विचारून घ्या.

खोल जलाशयात आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. मग तळाचे मासे वर सरकतात. त्या वेळी तळाच्या जाळ्यात काहीच आलं नाही, तर मासे संपलेत असं म्हणता येत नाही. म्हणून जाळ्याबरोबर तळाचं पाणी तपासायचं. वजन बांधलेली बाटली बूच लावून खाली सोडा आणि तळाला गेल्यावर दुसऱ्या दोरीने बूच ओढा. तपमान लगेच घ्या. प्राणवायूसाठी मीटर नसेल तर विंकलर पद्धतीची रसायनं तिथेच घालून नमुना पक्का करा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्या. वरवरचं पाणी तपासून तळाबद्दल बोलू नये.

जाळं वर आल्यावर

प्रत्येक आसाचे मासे वेगळ्या बादलीत, जिवंत आधी. घोगऱ्या आणि शिंगाळा यांच्या परांचे काटे करवतीसारखे असतात आणि उभे राहिले की मिटत नाहीत. त्यांना जोर लावून ओढू नका, जाळ्याचा धागा कापा. धागा स्वस्त आहे.

लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये, मोजपट्टी चिकटवलेल्या लाकडी फळीवर घ्या. शेपटीच्या खाचेपर्यंतही मोजता येतं, पण एकच रीत धरा आणि तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवा. वजन ग्रॅममध्ये. एका जातीचे पन्नासपेक्षा जास्त मासे असतील तर बादली ढवळून त्यातले पन्नास न बघता काढा आणि त्यांची लांबी-वजन घ्या. बाकीच्यांची फक्त संख्या मोजून एकत्र वजन करा. न ढवळता काढले तर हात आपोआप मोठ्या माशाकडे जातो.

नावं लिहिताना स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहा. दर बारा कोसांवर नाव बदलतं, आणि शिंगाळा या एका नावाखाली दोन-तीन जाती निघतात. १८३९ साली कर्नल विल्यम साईक्स यांनी दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा मळ्याचं नाव त्यांनी शास्त्रीय नावातच घातलं. तो आज गारा मुल्या आहे. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातले बरेच मासे त्या यादीत आहेत, आणि आपल्याकडे कोणत्या जाती होत्या याची ती सर्वात जुनी पक्की नोंद आहे. ओळख पटत नसेल तर स्वच्छ फोटो घ्या: कडेने एक, पोटाकडून एक आणि तोंड-मिशांचा एक. एखाद-दुसरा नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात दाखवता येतो. फॉर्मॅलिन हातमोजे घालूनच, आणि मुलांच्या हातात मोकळं नको.

नुक्तासारखा कपाळावर टेंगूळ असलेला, धोक्यात आलेला मासा आला तर फोटो आणि लांबी घेऊन लगेच पाण्यात सोडा आणि नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. उलट बाहेरून आलेला चिलापी (तिलापिया), थाई मांगूर किंवा मत्स्यालयातून सोडलेला सकर मासा आला तर तो कुठे आणि कधी पहिल्यांदा दिसला ते ठळक लिहा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

शून्याची नोंद

एका घाटावर आठ वेळा जाळं टाकलं आणि शिंगाळे मिळाले असे: ०, ०, १, ०, २, १४, ०, १. बेरीज १८, सरासरी सव्वादोन. अनेक गट रिकामी जाळी लिहीतच नाहीत, ‘काही मिळालं नाही, मग काय लिहायचं’ म्हणून. तसं केलं तर चार नोंदी उरतात आणि सरासरी साडेचार होते. मासे आहेत तेवढेच आणि कागदावर दुप्पट झाले. घट लपते ती इथे, कारण मासे जसे कमी होतात तशी रिकामी जाळी वाढतात आणि नेमकी तीच नोंदीतून गळतात.

म्हणून प्रत्येक जाळ्याचा तक्ता जाळं टाकतानाच सुरू करा: ठिकाण, खोली, तळ, टाकल्याची वेळ. काढल्याची वेळ आणि पकड नंतर भरा. पकड नसेल तर शून्य लिहा. रिकामी चौकट सोडू नका, कारण रिकाम्या चौकटीचा अर्थ ‘पाहिलं नाही’ असा होतो.

या आकड्यांत अजून एक गोष्ट दिसते. १४ हा एकच आकडा सरासरी ओढतो. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर तो फक्त अर्धा (०.५) येतो. म्हणून सरासरीसोबत मध्य आणि ‘किती जाळ्यांत मासा होता’ हे प्रमाणही द्या. इथे ते आठात चार, म्हणजे ५० टक्के. खूप कमी झालेल्या माशासाठी हे प्रमाणच जास्त विश्वासाचं ठरतं.

पकडीचा दर काढायची रीत सोपी आहे. चार जाळी म्हणजे १८० चौरस मीटर. बारा तासांत ५.४ किलो तळाचे मासे आले, तर १०० चौरस मीटरला एका रात्रीत ३ किलो. हा आकडा जातवार काढा. एकत्र आकड्यात चिलापीची वाढ आणि कानसाची घट एकमेकांना झाकून टाकतात.

जाळी किती वेळा टाकायची? अनिश्चितता निम्मी करायची तर जाळी चौपट लागतात, दुप्पट पुरत नाहीत. त्यामुळे गटामागे आठ-दहा टप्पे हा मला व्यवहार्य मध्य वाटतो. त्याहून कमी असेल तर फक्त जातींची यादी करा, दर जाहीर करू नका.

लांबी काय सांगते

दर कळला नाही तरी लांबी पुष्कळ सांगते. दोन-दोन सेंटिमीटरचे गट पाडून प्रत्येक गटात किती मासे आले त्याचे उभे स्तंभ काढा. पावसाळ्यानंतरच्या फेरीत लहान माशांचा वेगळा उंचवटा दिसला तर त्या वर्षी वीण झाली आणि पिल्लं जगली. सलग दोन-तीन वर्षं उंचवटाच नसेल आणि फक्त मोठे मासे येत असतील, तर पकड चांगली असूनही ते लक्षण वाईट आहे. विणीच्या जागा गाळाखाली गेल्या असतील, किंवा बंधाऱ्याने वाट अडवली असेल. उलट सगळे लहानच आणि मोठा एकही नाही, तर मासे मोठे व्हायच्या आत पकडले जात आहेत.

अंगाने मासा कसा आहे हेही पाहता येतं. ग्रॅममधल्या वजनाला १०० ने गुणून सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा. ३० सेंटिमीटरचा, २७० ग्रॅमचा मासा १ येतो. ही तुलना फक्त एकाच जातीत आणि एकाच हंगामात करायची, कारण गाभोळीचं वजन आकडा वर नेतं आणि वाम जन्मतःच सडपातळ असते.

घाटावरची वही

मासेमारांच्या रोजच्या पकडीची नोंद वेगळ्या वहीत ठेवा आणि सर्वेक्षणात मिसळू नका. ते मासे असतील तिथे जातात, त्यामुळे नदी रिकामी होत आली तरी उरल्यासुरल्या डोहांतून त्यांची पकड टिकून राहते. पण वर्षभराची नोंद त्यांच्याशिवाय मिळणार नाही. ‘आबा, मासे कमी झाले का हो?’ असं विचारू नका. ‘आबा, काल जाळी किती टाकली, कितीला टाकली, कितीला काढली, आस कुठला?’ असं विचारा आणि मग पकड मोजू द्या म्हणा. सर्वेक्षणाच्या दिवशी जो मासेमार होडी आणि हात देतो त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी. हे मी आग्रहाने सांगतो, कारण त्याच्या डोक्यातला नदीचा नकाशा आपल्या कुठल्याही उपकरणापेक्षा चांगला असतो.

किती वर्षांनी बोलायचं

दोन वर्षांच्या आकड्यांवरून कल सांगू नका. एक पूर, एक दुष्काळ, उन्हाळ्यात कमी पाण्यात एकदा सोडलेली मळी, एवढ्यानेही आकडा इकडचा तिकडे होतो. पाच वर्षं झाली की बोलायला सुरुवात करता येते. तोवर दरवर्षीच्या आकड्याशेजारी त्या वर्षीच्या घटना लिहीत राहा: पूर आला का, बरगे कधी निघाले, वाळू उपसा कुठे चालू होता, मासे मेलेले कधी दिसले, जलाशयात बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) कोणती आणि किती सोडली. कटला-रोहूची बोटुकली भरपूर सोडलेल्या वर्षी सगळ्या जाळ्यांची पकड वाढते आणि तळाच्या माशांशी तिचा काही संबंध नसतो.

जाळं जुनं होऊन फाटलं आणि नवं आणलं, तर जहाजावर करतात तेच करा. निदान एक पूर्ण फेरी जुनं आणि नवं शेजारी-शेजारी टाका, दोन्हींचे तक्ते वेगळे ठेवा, आणि फरक काढल्यावरच जुनं निवृत्त करा. माणूस बदलला तरीही हेच, विशेषतः पाग फेकणारा.

कागदी तक्ते संगणकात भरून झाले तरी फेकू नका. एक संच कॉलेजच्या विभागात, एक संच मच्छीमार संस्थेच्या कपाटात आणि एक स्कॅन करून तिसऱ्याच गावातल्या माणसाकडे ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीत किती तरी कपाटं पाण्याखाली गेली. पहिल्या पानावर जाळ्याची सगळी मापं, लांबी मोजायची रीत आणि ठिकाणांच्या खुणा इतक्या सविस्तर लिहा की तुम्हाला न भेटलेला माणूस दहा वर्षांनी तेच जाळं बांधून त्याच डोहात टाकू शकेल.